तीन वाजताची संध्याकाळ

फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला की त्यात तोयामा दिसायचं. अख्खं गाव नाही, जपानातल्या त्या गावातलं एक स्वयंपाकघर तेवढं. लाकडाच्या फळ्या, त्यांवर उपड्या घातलेल्या वाट्या, एक चौकोनी खिडकी आणि खिडकीपुढे ॲप्रन बांधून उभ्या असलेल्या फुमीताई. इकडे खराडीत दुपारचे तीन वाजलेले असायचे. ओट्यावर ऊन, डोक्यावर पंखा, खाली रस्त्यावर भंगारवाल्याची हाक. तिकडे साडेसहा, दिवेलागण झालेली. मी दुपारी उभी आणि त्या संध्याकाळी उभ्या, आणि दोघींच्या हातात एकच काम. कधी कधी वाफ काचेवर बसून त्यांचा चेहरा पुसट व्हायचा. मी पदराने फोन पुसायचे, तर तिकडे त्याही त्यांचा फोन पुसत असायच्या.

त्या दिवशी त्यांच्या खिडकीबाहेर बर्फ पडायला लागला. मी जन्मात बर्फ पाहिला नव्हता. एवढं काही आभाळातून खाली येतं आणि त्याचा जराही आवाज होत नाही, हे मला खरं वाटेना. हातातला बटाटा तसाच धरून मी बघत राहिले. फुमीताई माझ्याकडे तोंड करून गाजर तिरकं कसं कापायचं ते दाखवत होत्या. त्यांच्या पाठीमागे शेगडीवर कांदा ठेवलेला होता. आधी मला वाटलं, बाहेरचं धुकंच खिडकीतून आत आलं. मग त्या धुक्याला पिवळट रंग चढला. कढईतून धूर निघत होता आणि त्या दोन पावलांवर उभ्या राहून निवांत गाजर कापत होत्या.

"ताई, जळतंय!" मी मराठीतच ओरडले. "कांदा जळतोय, मागं बघा!"

माझं बोट बघून त्या वळल्या. गॅस बंद केला, कढई उचलून पाण्याखाली धरली. आणि मग त्यांनी जळलेल्या कांद्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं, चोरी पकडली गेल्यासारखं. मी चौदा वर्षं दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करत आले होते. कांदा करपायला लागला की बाई आधी नाकानं वळते, डोळ्यांनी मागाहून. या बाई वळल्याच नव्हत्या.

याला आता नऊ वर्षं होतील. मियाके साहेब तेव्हा रांजणगावच्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि आमच्या चंदननगरपासून दहा मिनिटांवर एका सोसायटीत सातव्या मजल्यावर एकटेच राहायचे. पन्नाशी ओलांडलेले, काडीसारखे, अतिशय नम्र. मी दार उघडलं की कमरेत वाकायचे, आणि मला इतकं अवघडल्यासारखं व्हायचं की मीही वाकायचे. त्यांना घरचं जेवण करून देणारी बाई हवी होती. जपानी स्वयंपाक मला कुठला येणार? पण त्यांची बायको, म्हणजे याच फुमीताई, फोनवरून शिकवेल, असं मला सांगण्यात आलं. मला तेव्हा वाटलं, नवरा परदेशात एकटा, घरात कोण बाई येते-जाते यावर नजर ठेवायला हा घाट घातलाय. मनात म्हटलं, ठेवू दे बापडीला.

पहिल्या दिवशी फुमीताईंनी माझी परीक्षा घेतली. साहेबांनी जपानहून आणलेला मिसो, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला गडद लगदा, एका वाटी पाण्यात थोडा आणि दुसऱ्या वाटीत जास्त कालवायला लावला. मला दोन्ही चाखायला लावल्या आणि कोणती बरी ते विचारलं. त्याचा वास मला लोणच्याच्या बरणीच्या तळासारखा आला. पण पहिली वाटी फिकी होती, दुसरीत जीव होता. मी दुसरी दाखवली. फुमीताईंनी मान डोलावली आणि एका वहीत काहीतरी लिहून घेतलं. माझ्यासारख्या बाईचं बोलणं कुणी वहीत लिहून घ्यावं, याची मला गंमत वाटली.

मग रोजचं शिकणं सुरू झालं. समुद्रातलं वाळकं, काळं पान पाण्यात टाकायचं, उकळी फुटायच्या आत काढायचं. मग त्यात वाळवलेल्या माशाचे पापुद्रे, अगदी सुताराच्या रंध्यातून पडतात तसे. ते गाळलं की सोनेरी पाणी उरतं, आणि त्यांचा निम्मा स्वयंपाक त्या पाण्यावर उभा. अंड्याची गुंडाळी करायची, पालक उकडून मुठीत पिळायचा, बटाटा आणि मटणाचे काप गोडसर रश्श्यात शिजवायचे. भात चिकट करायचा, हे मला सगळ्यांत जड गेलं. आमच्याकडे भात चिकट झाला तर बाईची लाज जाते. पुढे त्यांचे तांदूळ संपले तेव्हा मी इंद्रायणी लावला, तो त्यांना चालला.

बोलणं हातवाऱ्यांनी. फारच अडलं तर फोनमध्ये भाषा बदलून देणारी सोय होती. त्या जपानीत बोलायच्या, मला हिंदीत वाचायला मिळायचं, आणि त्यातलं निम्मं भलतंच असायचं. एकदा 'झाकण ठेवा'चं 'डोक्यावर टोपी घाला' असं आलं आणि मी खरंच साहेबांची टोपी घालून उभी राहिले. त्या दिवशी आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

एक गोष्ट मात्र मला खात होती. मी चमच्याला चमचा त्यांच्या सांगण्याप्रमाणे घालायचे आणि जेवण कधी खारट व्हायचं, कधी अगदीच मचूळ. साहेब काही बोलायचे नाहीत. साडेसहाला यायचे, खिडकीकडे तोंड करून जेवायचे, सूपची वाटी अर्धी ठेवून उठायचे आणि पुन्हा वाकून मला धन्यवाद द्यायचे. मी दोष माझ्याच हाताला दिला.

कांदा जळला त्या दिवशी सगळा उलगडा झाला. फुमीताई फोनजवळ आल्या, खुर्ची ओढून बसल्या. बोटाने नाक दाखवलं, मग जीभ, आणि दोन्ही हातांची फुली केली. मला कळलं होतं, तरी त्यांनी फोनमध्ये हळू आवाजात काही सांगितलं. माझ्याकडे अक्षरं उमटली: मेरी जीभ सो गई है.

मग एकेक करून कळत गेलं. आदल्या हिवाळ्यात घरामागच्या पायऱ्यांवर बर्फात पाय घसरला, डोकं आपटलं. दोन टाके पडले, बाकी काही नाही असं सगळ्यांना सांगितलं. पण वास गेला तो गेलाच. चवही गेल्यासारखीच. मिठाचा नुसता भास होतो, बाकी सगळं कोमट पाणी. डॉक्टर म्हणाले, येईलही, नाहीही येणार. नवऱ्याला सांगितलं नव्हतं. आयुष्यभर अंदाजाने आणि चाखून स्वयंपाक केलेली बाई, तिच्याकडे मोजमाप कुठलं असणार? ती वही त्यासाठी होती. मला शिकवायच्या मिषाने त्या स्वतःच्या हाताला मोजमाप लावत होत्या, आणि चाखायला माझी जीभ धरली होती.

"साहेबांना का नाही सांगत?" मी विचारलं.

त्यांनी ॲप्रनला हात पुसले. मग त्यांनी सांगितलं ते असं, की सत्तावीस वर्षं मियाके साहेब रोज संध्याकाळी सूपचा पहिला घोट घेतला की एक आवाज करायचे. शब्द नाही, नुसता हुंकार. त्या पडल्या त्यानंतर तो आवाज थांबला. साहेबांनी एका शब्दाने तक्रार केली नाही. दोन महिन्यांनी त्यांनी भारतातली बदली घेतली आणि चला म्हणाले, तेव्हा या नाही म्हणाल्या. नव्या घरात, नव्या भाज्यांत आपलं बिंग दोन दिवसांत फुटेल, या भीतीने.

एवढं सांगून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मीही ठेवलं. तो आमचा करार झाला.

त्यानंतरचे तीन महिने मला आजही स्वप्नात असल्यासारखे आठवतात. रोज तीन वाजता त्या खिडकीत दिवा लागायचा, बाहेर बर्फ उतरत असायचा. दोघी एकच पदार्थ, एकच प्रमाण, दोन पातेल्यांत. मी चाखायचे आणि तळहात हवेत धरायचे. हात खाली म्हणजे फिकं, वर म्हणजे खारट, छातीशी म्हणजे बरोबर. पण बरोबर म्हणजे काय हे तरी मला कुठे माहीत होतं? मी त्यांच्या हातचं कधी खाल्लं नव्हतं. तेव्हा त्यांनी डोळ्याखाली बोट लावलं आणि चमच्याकडे दाखवलं. सूप डोळ्यांच्या पाण्याइतकं खारट हवं. ते मला लगेच समजलं. ती चव कुणाला शिकवावी लागत नाही.

संकष्टीच्या दिवशी पंचाईत व्हायची. उपवासाला माशाचं पाणी चाखायचं कसं? पहिल्या चतुर्थीला मी हात जोडून फुमीताईंना नाही म्हटलं. त्यांनी समजून मान हलवली, आणि मग रिकामा चमचा हातात घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या, कुणाच्या दाराशी जावं आणि दाराला कुलूप असावं तशा. पुढच्या चतुर्थीला मी गणपतीला सांगून टाकलं, की ही जीभ दुपारी अर्धा तास माझी नसते. आणि चाखलं.

जानेवारीच्या शेवटी एका संध्याकाळी मी साहेबांपुढे सूप ठेवलं आणि पाणी आणायला वळले. पाठीमागे आवाज आला. हं. एवढाच. विहिरीत खोल काहीतरी पडावं तसा. मी फ्रीजचं दार धरून उभी राहिले. वाटी त्या दिवशी तळापर्यंत रिकामी झाली.

दुसऱ्या दिवशी मी फुमीताईंना तो आवाज करून दाखवला. त्यांनी सुरी खाली ठेवली आणि खिडकीकडे तोंड केलं. बराच वेळ मला नुसती ॲप्रनची गाठ दिसत होती.

इथून सगळं सुरळीत होईल असं मला वाटलं. झालं भलतंच. साहेब खुशीत राहायला लागले. रविवारी फोनवर त्यांनी बायकोला सांगितलं, की इथलं जेवण आता अगदी आपल्या घरच्यासारखं, पूर्वीच्यासारखं झालंय. बिचाऱ्यांनी कौतुक म्हणून सांगितलं. पाठोपाठ मलाही ते सांगितलं आणि वर हेही, की कंपनीने आणखी तीन वर्षं राहाल का विचारलंय आणि ते हो म्हणणार आहेत. मला तर देव पावला. माझी लेक अश्विनी नुकतीच नर्सिंग शिकायला लागली होती आणि ते शिक्षण तीनच वर्षांचं होतं.

सोमवारी फुमीताईंनी फोनमधून मला कळवलं, की आता शिकवण्यासारखं काही उरलं नाही. शनिवारी शेवटचा पदार्थ, बटाटा आणि मटण. मग रोज फोन लावायची गरज नाही. शाकु-सान, मला त्या असंच म्हणायच्या, तुम्ही त्यांची नीट काळजी घेता. हे सगळं हसून. त्यांच्या पाठीमागे खिडकी होती आणि बर्फ थांबलेला होता, नुसता निळसर उजेड साचला होता.

तो आठवडा मी नीट झोपले नाही. काही न बोलता राहिले असते तर माझं घर तीन वर्षं चाललं असतं. आणि करारही तसाच होता, गप्प राहण्याचा. पण मला दिसत होतं काय चाललंय ते. एक बाई आपलं अख्खं स्वयंपाकघर चमच्या-चमच्याने माझ्या हातात देऊन स्वतः मागे सरत होती. आणि ते मी घेत होते.

शुक्रवारी ताट वाढताना मी साहेबांना म्हटलं, उद्या तीनला घरी थांबा. त्यांना वाटलं नळाचं काम आहे. मी हो म्हटलं.

शनिवारी ते बाहेरच्या खोलीत वाचत बसले होते. फोन लागला, तोयामात दिवा लागला. दोघींनी बटाटे सोलले, मटणाचे काप परतले, रस्सा घातला. उकळी आली तसं मी हळूच जाऊन साहेबांना बोलावलं आणि फ्रीजच्या आडोशाला उभं केलं. ते गोंधळून उभे राहिले. फुमीताईंनी चमचा तोंडाला लावला, काही न कळणाऱ्या माणसासारखं माझ्याकडे बघितलं आणि भुवया उंचावल्या. मी चाखलं. हात छातीच्या जरा वर धरला. दोघींनी आपापल्या पातेल्यात सारखंच पाणी घातलं, त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा चाखलं, हात छातीशी आणला. त्यांनी वहीत लिहिलं. मग मी नाकाला हात लावून विचारलं, आज काही? त्यांनी चिरलेला कांदा उचलून नाकाशी धरला, जोरात श्वास घेतला, आणि हसून मान हलवली. नाही.

आडोशाला असलेला माणूस केव्हा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला ते मला कळलं नाही. फुमीताईंनी त्यांना पाहिलं. हातातला कांदा तसाच राहिला.

साहेबांनी दोनच शब्द विचारले. मला जपानी येत नाही, पण कधीपासून, हे कुठल्याही भाषेत कळतं. त्या एक शब्द बोलल्या आणि खिडकीकडे बघितलं. बर्फ. मग फुमीताईंनी हात पुढे करून त्यांचा फोन उपडा ठेवला.

काच काळी झाली. पण फोन चालूच होता. तिकडच्या पातेल्याची बुडबुड ऐकू येत होती, आणि इकडे आमचंही उकळत होतं. साहेब ओट्याला दोन्ही हात टेकवून ती बुडबुड ऐकत राहिले. ती बंद झाली, तेव्हा ते तिथेच फरशीवर बसले. मी गॅस बारीक केला आणि मीही समोर बसले.

मग साहेबांनी स्वतःच्या फोनमध्ये काही सांगितलं आणि मला वाचायला दिलं. ती माझ्यासोबत इथं यायला नाही म्हणाली. मला वाटलं, तिला आता माझ्यासोबत राहायचं नाही. म्हणून मी लांबच राहत होतो.

मी म्हटलं, "साहेब, त्यांना वाटलं तुम्हाला त्यांच्या हातचं नको झालंय. तुम्ही आवाज करत नव्हता."

ते जपानीत उमटायला थोडा वेळ लागला. त्यांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून हातात धरला.

चार दिवसांनी ते रजेवर गेले. मला वाटलं, आता फुमीताई माझं तोंड बघणार नाहीत. मी बोलणार नाही म्हणून शब्द दिला होता आणि मोडला होता. तीन आठवडे रोज तीन वाजले की माझा हात आपोआप फोनकडे जायचा, आणि मी तो मागे घ्यायचे. आमच्या घरात खिडकीसमोर भिंत आहे. मी त्या भिंतीकडे बघत पोळ्या लाटायचे.

मार्चच्या अखेरीला साहेबांचा फोन आला. घर आवरायला आलोय, या. मी गेले. दार फुमीताईंनी उघडलं.

फोनमध्ये दिसायच्या त्यापेक्षा त्या कितीतरी लहानखुऱ्या होत्या, माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. आणि भर दुपारी, उन्हात. मला त्यांना उन्हात बघायची सवयच नव्हती. आम्ही दोघी दारातच उभ्या राहिलो. मग त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, डोळे मोठे केले आणि माझा तळहात हातात घेऊन त्यावर एक चापट मारली. हलकीच. आणि हात सोडला नाही. मी माफी मागायला लागले तर त्याच कमरेत वाकल्या.

साहेबांनी परत जपानला बदली मागून घेतली होती. आठ दिवसांत खोकी भरून ते जाणार होते. माझं काम गेलं होतं. ते मला त्या शनिवारीच माहीत होतं. पुढे मी एका मुलींच्या वसतिगृहात लागले, पहाटेचं काम होतं, जड होतं, पण अश्विनीचं शिक्षण झालं.

जायच्या आदल्या दिवशी फुमीताईंनी सांगितलं, की त्यांना माझ्या घरचं जेवायचं आहे. मी आधी नाही म्हटलं. चव न कळणाऱ्या माणसाला वाढायचं काय? बासुंदी केली काय आणि पाणी दिलं काय, सारखंच. पण त्या ऐकेनात. दुपारी दोघंही चंदननगरला आमच्या दोन खोल्यांत आली, सतरंजीवर मांडी घालून बसली. मी वांगं केलं होतं, ज्वारीच्या भाकरी थापत होते. भाकरी फुगलेली बघून फुमीताईंनी तिला बोट लावलं आणि चटका बसून मागे घेतलं, आणि त्यांना त्याचंच बरं वाटलेलं दिसलं. वांग्याचा घास त्यांनी चावला, मान डोलावली, छान म्हणाल्या. मला माहीत होतं छान म्हणजे काय ते.

आमच्यासाठी म्हणून मी ठेचा केला होता. तव्यावर हिरव्या मिरच्या आणि लसूण भाजून, मीठ घालून, तव्यातच वाटीच्या बुडाने रगडलेला. पाहुण्यांना तो वाढायचा नाही असं ठरवलं होतं. पण फुमीताईंनी वाटीकडे बोट दाखवलं. मी नको नको म्हणत असताना त्यांनी भाकरीच्या तुकड्यावर चांगला बोटभर घेतला आणि तोंडात घातला.

क्षणभर काही नाही. मग त्यांचं चावणं थांबलं. डोळे विस्फारले. गळ्यापासून कपाळापर्यंत लाली चढत गेली, नाकाच्या शेंड्यावर घाम आला, कान लाल झाले. साहेब घाबरून अर्धवट उठले. मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

त्यांनी तांब्या हाताने दूर सारला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. जिभेवर बोट ठेवून साहेबांना काहीतरी भराभर सांगत होत्या, पुन्हा पुन्हा तेच. साहेबांनी मला फोन दाखवायचा प्रयत्न केला, पण त्या इतक्या भराभर बोलत होत्या की फोनवर नुसतं भलतंच उमटत होतं.

"असू दे साहेब," मी म्हटलं. "कळलं मला."

फुमीताईंनी भाकरीचा दुसरा तुकडा मोडला आणि ठेच्याची वाटी आपल्या बाजूला ओढून घेतली.